यकृतातली पाण्याची गाठ: सुई, दुर्बीण की नुसत्या गोळ्या?

गेल्या अंकात पोटातल्या गाठींविषयी लिहिताना हायडॅटिड गाठीचा जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं तिलाच देते आहे. ज्यांनी तो अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका इवल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या आतड्यातून रक्तावाटे यकृतात पोचतात आणि तिथे पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं काढली आहेत. काहींनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत, ते पाहूनच लिहिते आहे; पण फोटोवरून पेशंट तपासता येत नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातले. आईचं वय ५४. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर यकृताच्या उजव्या भागात ८ सेंटिमीटरची हायडॅटिड सिस्ट निघाली. रिपोर्टवर ‘सीई-१’ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, सुईने पाणी काढू, पोट कापायची गरज नाही. पण गावात सगळे सांगतात, ही गाठ फोडली की विष अंगभर पसरतं. आमच्या चुलत्यांची अशीच गाठ होती, त्यांचं पोट उभं कापलं होतं. आम्ही काय करावं?

उत्तर: तुमच्या गावातली मंडळी अगदीच काहीतरी बोलत नाहीत. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्याही डोक्यात हेच भरवलं होतं: हायडॅटिडला सुई लावायची नाही. गाठीतलं पाणी दिसायला नितळ, पण त्यात कृमीची सूक्ष्म डोकी तरंगत असतात. ती पोटाच्या पोकळीत सांडली तर प्रत्येकातून नवी गाठ धरू शकते. शिवाय त्या पाण्याची जोरदार ॲलर्जी येऊन रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून तुमच्या चुलत्यांचं पोट कापलं, आणि त्या काळात ते योग्यच होतं.

१९८०च्या दशकात ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी सुईची पद्धत पुढे आणली. तिला ‘पेअर’ म्हणतात. चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव: टोचणं, पाणी ओढून घेणं, औषध सोडणं, पुन्हा ओढून घेणं. आपल्याकडे श्रीनगरचे डॉ. महंमद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ५० रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. निम्म्यांवर सुई आणि गोळ्या, निम्म्यांवर शस्त्रक्रिया. सुईवाल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ४.२ दिवस भरला, शस्त्रक्रियावाल्यांचा १२.७. त्यानंतर सुईला नाकं मुरडणारे बरेच गप्प झाले. मीही सर्जनच आहे, आणि सर्जनला कापायची हौस असते हे मी नाकारत नाही. पण सीई-१ गाठ, म्हणजे आत एकच पाण्याची पिशवी, ८ सेंटिमीटर, बाकी तब्येत ठणठणीत, तर मी माझ्या आईसाठी सुईच निवडेन.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. आईंना टेबलावर निजवून, गुंगी देऊन, बरगडीखालची जागा बधिर करतात. भूलतज्ज्ञ उशाशी उभे असतात, ॲलर्जी आलीच तर द्यायचं ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार असतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई आत जाते. ती गाठीत थेट शिरवत नाहीत, यकृताच्या चांगल्या जाड भागातून नेतात. म्हणजे सुई काढल्यावर वाट आपोआप मिटते आणि पाणी पोटात गळत नाही. गावकऱ्यांच्या ‘पसरतं’ला उत्तर आहे ते हे.

पहिली सिरिंज भरली की डॉक्टर ती आधी उजेडासमोर धरतात. पाणी नितळ असेल तर पुढे जायचं. पिवळसर असेल तर थांबायचं, कारण गाठीचं तोंड पित्तनलिकेत उघडलेलं असू शकतं. डोळ्यावर विसंबत नाहीत, लघवी तपासायची जी पट्टी असते ती त्या पाण्यात बुडवून पित्त आहे का पाहतात, आणि रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर खात्री करतात. दोन थेंब काचपट्टीवर घेतले तर सूक्ष्मदर्शकाखाली ती डोकी हलताना दिसतात, त्यांच्यावरचं हुकांसारख्या आकड्यांचं कडंही दिसतं. पहिल्यांदा पाहणारे आमचे ज्युनिअर तिथून हलत नाहीत.

पित्त नाही याची खात्री पटली की मग २० टक्के मिठाचं सलाईन आत सोडतात. नेहमीचं सलाईन ०.९ टक्क्याचं असतं, यावरून त्याची ताकद कळेल. १५ मिनिटं तसंच ठेवून पुन्हा ओढून घेतात. तेवढ्यात पडद्यावर गाठीचं आतलं पातळ अस्तर भिंतीपासून सुटून पाण्यात लोळायला लागतं, तेव्हा काम झालं असं समजायचं. हेच सलाईन पित्तनलिकेत गेलं तर नलिका कायमच्या आकसू शकतात. म्हणून त्या पट्टीचा एवढा बाऊ केला.

धोका शून्य नाही. जगभरच्या सुमारे ६ हजार प्रक्रियांचा आढावा २०११ साली छापून आला. त्यात ॲलर्जीने दगावलेले रुग्ण २ होते. ॲलर्जी येऊन उपचाराने सावरलेले ९९. म्हणूनच ही प्रक्रिया भूलतज्ज्ञ आणि गरज पडली तर ऑपरेशन करणारा सर्जन जिथे हाताशी आहे, तिथेच करायची. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: भूलतज्ज्ञ असतील ना? पित्ताची तपासणी आधी करणार ना? अल्बेंडाझोल, म्हणजे कृमी मारायची गोळी, कधी सुरू करायची? ही गोळी सुईच्या निदान ४ तास आधी पोटात गेलेली असावी लागते आणि नंतर किमान महिनाभर चालू राहते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते ॲडमिट होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही आरोग्यमित्र भेटतात. नंतर विचारून उपयोग नसतो.

आणि एक. महिन्याभराने सोनोग्राफी केली की ‘गाठ आहेच की अजून!’ म्हणून घाबरू नका. रिकामी झालेली जागा पुन्हा थोडी भरते, मग महिन्यामहिन्याने आकसत आणि घट्ट होत जाते. पहिले काही महिने दरमहा आणि पुढे निदान ५ वर्षं वर्षातून एकदा सोनोग्राफी, एवढी शिस्त मात्र पाळायचीच. पित्ताशयातल्या खड्यांचं स्वतंत्रपणे बघता येईल. दोन्ही एकाच दिवशी उरकायचा हट्ट धरू नका.

प्रश्न: मॅडम, मी मंगळवार पेठेत राहतो. रविवारी मटण, तांबडा-पांढरा, हा घरचा शिरस्ता. धाकट्या भावाला ही गाठ निघाल्यापासून बायकोने मटण घरात आणायचंच बंद केलंय. बकऱ्याच्या काळजातूनच हा रोग येतो, असं तिचं म्हणणं. तुम्ही काय ते लिहा, ती तुमचं सदर वाचते.

उत्तर: वहिनी, रस्सा सुरू करा. शिजवलेल्या मटणातून ही गाठ होत नाही. बकऱ्याच्या काळजावर ही गाठ असते हे खरं, पण ती खाऊन लागण होते ती कुत्र्याला. माणसाला होते ती कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. ती अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, भाजीवर येतात. तेव्हा संशय घ्यायचाच तर रश्शाशेजारच्या ताटलीवर घ्या: मुळा, कोथिंबीर, मेथीची कच्ची पानं. वाहत्या पाण्याखाली नीट धुतली आहेत का? आणि जेवायच्या आधी हात साबणाने. सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत. भावाचं ताट-पेला वेगळं केलं असेल तर तेही एकत्र करा, माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मी गडहिंग्लज तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे, वय ३१. माझ्या यकृतात ९ सेंटिमीटरची गाठ आहे. सीटी स्कॅनमध्ये ‘सीई-२’, आत बऱ्याच छोट्या गाठी, असं आलंय. एका ठिकाणी सुईने होईल म्हणाले. दुसरीकडे दुर्बिणीने करू म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी तर पोट उघडूनच करावं लागेल, आजच ॲडमिट व्हा, म्हणून कॉटसुद्धा दाखवली. तीन डॉक्टर, तीन मतं. लग्नाला दोन वर्षं झालीत, आता मुलाचा विचार आहे, त्यामुळे जास्तच गोंधळ झालाय.

उत्तर: ताई, सीटी आणि सोनोग्राफी दोन्हीचे फोटो पाहिले. तुमच्या रिपोर्टमधला महत्त्वाचा शब्द ‘९ सेंटिमीटर’ नाही, ‘सीई-२’ आहे. सगळेजण गाठ केवढी ते विचारतात. ती कोणत्या अवस्थेत आहे हे आधी विचारायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने सोनोग्राफीत गाठ कशी दिसते यावरून तिच्या सीई-१ ते सीई-५ अशा अवस्था ठरवल्या आहेत. सीई-१ म्हणजे एकच पाण्याची पिशवी. तिसऱ्या अवस्थेचे दोन भाग आहेत. सीई-३अ मध्ये आतलं अस्तर सुटलेलं असतं, पण पाणी एकसंधच असतं. या दोघींना सुई चालते. तुमची मात्र फोडलेल्या डाळिंबासारखी आहे: आत कप्प्याकप्प्यांत वेगवेगळ्या पिशव्या, प्रत्येकीला स्वतःची भिंत. एका पिशवीतलं पाणी सुईने ओढलं तरी शेजारची भरलेलीच राहते, आणि औषधही सगळीकडे पोचत नाही. सीई-३ब मध्येही अशाच पिलावळी गाठी असतात. अशा गाठी साध्या सुईने केल्या तर परतायची शक्यता बरीच. त्यामुळे पहिला पर्याय मी बाजूला ठेवीन. जाड नळी घालून आतला सगळा ऐवज बाहेर काढायच्या पद्धतीही आहेत, पण त्यात मुरलेला हात लागतो.

उरली दुर्बीण आणि उघडी शस्त्रक्रिया. तुमची गाठ यकृताच्या पुढच्या बाजूला, पृष्ठभागाजवळ आहे, म्हणून दुर्बिणीला हात घालायला जागा आहे. हीच गाठ मागे, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकून, मोठ्या शिरांजवळ असती तर मीही उघडंच करा म्हटलं असतं. दुर्बिणीत मुख्य काळजी एकच, पाणी सांडू द्यायचं नाही. गाठीभोवती जंतूमारक द्रावणात भिजवलेल्या गॉजच्या पट्ट्या रचतात, सुईने दाब कमी करतात, मग मोठ्या सक्शनने पिशव्या आणि अस्तर ओढून काढतात. कोइमतूरचे डॉ. सी. पलानिवेलु यांनी याच कामासाठी खास नळी बनवली आहे: ती गाठीवर घट्ट बसते, तिच्यातूनच सगळं आत-बाहेर होतं, बाजूला थेंब गळायला वाव राहत नाही. आतलं सगळं निघाल्यावर दुर्बीण त्या पोकळीतच घालून कोपरान् कोपरा पाहतात. कुठे पित्ताचा पिवळा थेंब झिरपताना दिसला तर तिथे टाका घालतात. मग गाठीचं वरचं छत कापून पोकळी मोकळी ठेवतात किंवा पोटातल्या चरबीच्या पडद्याची घडी तिच्यात बसवतात, आणि आतलं पाणी बाहेर यायला एक नळी, ड्रेन, ठेवतात.

ड्रेनमधून काही दिवस पित्त येणं हा या शस्त्रक्रियेचा सगळ्यांत त्रासदायक भाग. बहुतेकदा आपोआप थांबतं. नाही थांबलं तर तोंडावाटे एन्डोस्कोप घालून पित्तनलिकेत छोटा स्टेंट टाकतात. तुमच्या डॉक्टरांकडे ही सोय आहे का, की पेशंट दुसरीकडे पाठवावा लागतो, हे आधी विचारा. आणि संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास पोट उघडून’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून दचकू नका. दुर्बीण घातल्यावर अवघड वाटलं तर उघडणारा सर्जन शहाणा.

‘आजच ॲडमिट व्हा’ हे मला पटलेलं नाही. ताप, कावीळ, एकदम उठलेली जोराची कळ, अंगावर गांध्या यांतलं काहीही नसताना वर्षानुवर्षं वाढलेली गाठ आठवड्याभरात दगा देईल असं सहसा होत नाही. शाळेची रजा, घरची व्यवस्था लावून करा.

मुलाचा विचार मात्र थोडा पुढे ढकला. अल्बेंडाझोल गरोदरपणात चालत नाही. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. गोळ्या सुरू करण्याआधी गर्भचाचणी करून घ्या. आधी मूल, मग ऑपरेशन असा उलटा क्रम काहीजणी सुचवतील. ९ सेंटिमीटरची जिवंत गाठ घेऊन नऊ महिने काढायला मी सांगणार नाही.

प्रश्न: इचलकरंजीत आयुष्यभर माग चालवला. आता ६८ पूर्ण. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली तर यकृतात ६ सेंटिमीटरची चुना धरलेली जुनी हायडॅटिड सापडली, ‘सीई-५’. डॉक्टर म्हणतात काही करू नका. असं कसं? गाठ आहे म्हटल्यावर काढायला नको?

उत्तर: काका, नको. ती मेलेली आहे. शरीराने तिचा बंदोबस्त स्वतःच केला, आपण फक्त उशिरा पाहिला. सीई-४ आणि सीई-५ या निजलेल्या अवस्था. त्रास नसेल तर ना सुई, ना दुर्बीण, ना गोळ्या. वर्षातून एकदा सोनोग्राफी करा. रक्ताची तपासणी कुणी सांगितली आणि ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, गाठ मेल्यावरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते. काहीच न करणारा डॉक्टर मिळाला, हे नशीब समजा. मूतखड्याकडे लक्ष द्या.

प्रश्न: आम्ही पट्टणकोडोलीजवळचे धनगर. दीडशे मेंढरं, दोन कुत्री. वडिलांचं गेल्या साली या गाठीचं ऑपरेशन झालं. बकरं पडलं की काळजावर पाण्याची फोडं असली तर आम्ही तेवढा भाग कापून कुत्र्याला टाकतो, सगळेच टाकतात. डॉक्टर म्हणाले कुत्री काढून टाका. कुत्र्याशिवाय रानात मेंढरं कशी राखायची?

उत्तर: दादा, कुत्री काढू नका. त्यांच्या पुढ्यात पडणारं ते काळीज तेवढं काढा.

तुम्ही पाहिलेलं ते पाण्याचं फोड म्हणजे तुमच्या वडिलांच्या यकृतात होती तीच गाठ, मेंढराच्या अंगातली. कुत्र्याने ती खाल्ली की तिच्यातल्या प्रत्येक डोक्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक कृमी तयार होतो. लांबी जेमतेम ३ ते ७ मिलिमीटर. कुत्रं आजारी दिसत नाही, खात-पीत असतं. साधारण सहा-सात आठवड्यांत त्या कृमीची अंडी विष्ठेतून पडायला लागतात. मेंढरं ती चाऱ्याबरोबर खातात, माणसं हाताने तोंडात घालतात. कुत्र्याला कुरवाळून तंबाखू मळणारे हात मी पाहिलेत, म्हणून लिहिते.

तेव्हा फोड असलेलं काळीज, फुप्फुस कुत्र्याला कच्चं टाकायचंच नाही. जाळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरा. वाया जातंय असं वाटत असेल तर निदान अर्धा तास खळखळून उकळून मग टाका. जनावरांच्या दवाखान्यातून कुत्र्यांसाठी प्राझिक्वॉन्टेलची गोळी घ्या, वजनाप्रमाणे, दर सहा आठवड्यांनी. अंडी पडायच्या आत कृमी मरावा यासाठी सहा आठवडे. या गोळीने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. त्यामुळे गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्री बांधून ठेवा आणि त्यांची घाण पुरा. घरातल्या सगळ्यांची एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, पोरांचीही. एकाच अंगणात, एकाच कुत्र्याशी खेळलेली माणसं आहात.

हे फक्त धनगरांचं आहे असं कुणी समजू नये. गावच्या जत्रेत, म्हाईला, एका दिवसात किती बकरी पडतात आणि मागच्या बाजूला किती कुत्री बसलेली असतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. शहरातल्या मटणाच्या दुकानांमागेही तेच. आइसलंडमध्ये एकेकाळी हा आजार घरोघर होता. तिथे एकोणिसाव्या शतकापासून लोकांना समजावलं, कुत्र्यांना औषध दिलं, कच्ची काळजं टाकणं बंद केलं, आणि आजार देशातून गेला. ग्रामपंचायतीने जत्रेच्या जागी जेसीबीने एक खोल खड्डा काढून दिला तर त्याला किती डिझेल लागणार आहे?

प्रश्न: मी कागलची. मिस्टरांची गाठ ४ सेंटिमीटर, ‘सीई-१’. डॉक्टरांनी ऑपरेशन, सुई काही नको म्हणून अल्बेंडाझोल ४०० सकाळ-संध्याकाळ, तीन महिने दिलीय. पण ही तर शाळेत जंतदिनाला पोरांना देतात तीच गोळी! एका गोळीत जंत जातात, मग इथे तीन महिने कशाला? आणि ती उपाशीपोटी घ्यायची का? मेडिकलवाला तसं म्हणाला.

उत्तर: गोळी तीच. पोरांचे जंत आतड्यात असतात, गोळी त्यांच्या अंगावरूनच जाते. मिस्टरांचा कृमी यकृतात, जाड भिंतीच्या आड बसलाय. तिथे औषध रक्तातून झिरपत पोचतं, म्हणून महिने लागतात. ५ सेंटिमीटरच्या आतली सीई-१ गाठ नुसत्या गोळ्यांवर सोडणं बरोबर आहे. तीन महिन्यांचे सहाही होऊ शकतात.

उपाशीपोटी मात्र अजिबात नको. ही गोळी तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतली तर उपाशीपोटी घेण्याच्या पाचपटीपर्यंत अंगात भिनते. सायीसकट म्हशीचं दूध, भाकरीवर तेल घालून शेंगदाण्याची चटणी, तूप, जे आवडेल ते, पण दोन्ही वेळा जेवणासोबत. जंतासाठी घेताना ती आतड्यातच राहिली तरी चालते, म्हणून दुकानदाराचा गोंधळ झाला असावा.

सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं असेल, ते चुकवू नका. यकृताचे आकडे वाढतात का आणि पांढऱ्या पेशी कमी होतात का, ते बघायचं असतं. केस गळायला लागले तर घाबरू नका, गोळ्या संपल्यावर परत येतात. ताप किंवा घसा धरला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. मिस्टरांचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. ६० किलोच्या खाली असेल तर डोस वजनावर बसवावा लागतो, तेवढं पुढच्या भेटीत विचारून घ्या.